क्रिप्टो वर्षानुवर्षं सांभाळायचं, तर ठेवायचं कुठे आणि कसं?

वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची चावी होती. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो कोर्टात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो दावाही फेटाळला गेला. स्टेफान थॉमस या प्रोग्रामरची गोष्ट याच जातीची. त्याचे ७,००२ बिटकॉइन एका पासवर्डबंद पेनड्राइव्हमागे अडकले. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर तो ड्राइव्ह कायमचा कुलूपबंद होतो, आणि थॉमसचे आठ प्रयत्न वाया गेले होते. या दोघांकडे चोर फिरकलाच नव्हता.

दुसऱ्या बाजूला माउंट गॉक्स. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोच्या या एक्सचेंजने (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराने) दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा जवळपास साडेआठ लाख बिटकॉइन गायब होते. त्यातले दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले, पण ग्राहकांच्या हातात नाणी पडायला २०२४ चा जुलै उजाडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे दुसरं एक्सचेंज बुडालं, तिथेही ग्राहकांनी 'आपलं' समजून ठेवलेलं प्रत्यक्षात कंपनीच्याच हाती होतं.

थोडक्यात, क्रिप्टो दोन वाटांनी जातं: दुसऱ्याच्या हातून, नाहीतर आपल्याच हातून. एक वाट बुजवायला गेलं की दुसरी थोडी रुंदावते. पाच कुलपं लावली की चोर बाहेर राहतो खरा, पण आठ वर्षांनी आपणही बाहेरच उभे असतो. बहुतेक सल्ले चोरावर सगळी शक्ती खर्च करतात. माझं मत उलटं आहे. जी व्यवस्था तुम्ही स्वतः एकदा पूर्ण पुसून पुन्हा उभी करून पाहिली आहे, तेवढीच तुमची. बाकीची कितीही पक्की दिसली तरी ती नुसती आशा.

आधी हे समजून घ्या: वॉलेटमध्ये नाणी नसतात

नाणी ब्लॉकचेनवर असतात, म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर पसरलेल्या एका वहीत. तुमच्याकडे असते ती खासगी चावी: एक प्रचंड मोठा आकडा, ज्याच्या सहीशिवाय त्या वहीतली तुमची नोंद हलत नाही. ही चावी सांभाळणारं अ‍ॅप किंवा यंत्र म्हणजे वॉलेट. तो आकडा माणसाला उतरवता यावा म्हणून १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांत मांडतात. हीच सीड फ्रेज. शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात, त्या पद्धतीचं नाव बीआयपी-३९. यादी अशी निवडली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून कुठलाही शब्द ओळखता येतो. शेवटच्या शब्दात ताळाही दडलेला असतो, त्यामुळे एखादा शब्द चुकीचा उतरवला तर वॉलेट बहुधा तक्रार करतं. बहुधा म्हणतोय, कारण १२ शब्दांत सरासरी सोळातली एक चूक ताळ्यातून निसटते, २४ शब्दांत दोनशे छप्पन्नातली एक.

१२ घ्यावेत की २४, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. १२ शब्दांची ताकद १२८ बिटची असते आणि ती पुरेशी आहे. वाद सोडा.

यातून दोन गोष्टी निघतात. यंत्र हरवलं, फुटलं तरी शब्द हातात असतील तर काही गेलेलं नाही. आणि शब्द दुसऱ्याने पाहिले, तर यंत्र तिजोरीत असूनही सगळं गेल्यात जमा.

पहिली पायरी: रक्कम आणि भीती, दोन्ही मोजा

कागद घ्या आणि लिहा: किती रक्कम, किती वर्षांसाठी, आणि कुणापासून जपायची. लांबवरचा हॅकर, घरात येणारा माणूस, आग-पूर, की स्वतःचा विसरभोळेपणा?

रक्कम गेली तर दोन दिवस वाईट वाटेल एवढीच असेल, तर फोनवरचं साधं वॉलेट आणि कागदावर लिहिलेले शब्द पुरेत. रक्कम जाण्याने वर्षभराचे बेत कोलमडणार असतील, तर एक हार्डवेअर वॉलेट (चावी आत ठेवणारं वेगळं यंत्र) आणि धातूवर कोरलेला बॅकअप. आयुष्यभराची कमाई असेल, तर पासफ्रेज किंवा मल्टिसिगचा (दोन्ही सहाव्या पायरीत समजावले आहेत) विचार करा, पण साधी व्यवस्था काही महिने वापरून झाल्यावरच.

आणि हे सगळं वाचून अंगावर काटा येत असेल, तर स्वतः चावी सांभाळण्याची सक्ती कुणी केलेली नाही. नियामकाच्या देखरेखीखालच्या संस्थेकडे, किंवा जिथे मिळतो तिथे बिटकॉइनच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारात विकत घेता येणाऱ्या फंडात, पैसे ठेवणं हा प्रामाणिक पर्याय आहे. त्यात संस्थेवर भरवसा टाकावा लागतो. तो डोळे उघडे ठेवून टाका, एवढंच. एक्सचेंजवर ठेवायचंच असेल, तर एसएमएसवरचा ओटीपी टाळा. तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर वळवून चोराला तो पळवता येतो. ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा हार्डवेअर सुरक्षा-की वापरा, आणि पैसे काढण्याचे पत्ते (खाते क्रमांकासारखे, ज्यांवर नाणी पाठवतात) आधीच नोंदवून ठेवण्याची सोय चालू करा.

दुसरी पायरी: यंत्र निवडा

हार्डवेअर वॉलेटचं काम एकच: चावी आत ठेवून सही बाहेर देणं. संगणकात व्हायरस असला तरी चावी त्याच्या हाती लागत नाही. पहिलं असं यंत्र, ट्रेझर, प्रागच्या सातोशीलॅब्सने २०१४ साली बाजारात आणलं. फ्रान्सची लेजर, स्वित्झर्लंडचं बिटबॉक्स, कॅनडाचं फक्त बिटकॉइनपुरतं असलेलं कोल्डकार्ड ही आणखी काही रुळलेली नावं.

यांतलं सर्वोत्तम कुठलं, असं विचाराल तर उत्तर नाही. प्रत्येकाची कुठेतरी बाजू लंगडी पडते. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकन सिक्युरिटी लॅब्सने दाखवलं की तेव्हाच्या ट्रेझर यंत्रांचा प्रत्यक्ष ताबा मिळाला तर सुमारे १५ मिनिटांत सीड बाहेर काढता येतं. नंतरच्या ट्रेझर सेफ मालिकेत म्हणूनच सुरक्षा-चिप आली. लेजरमध्ये अशी चिप पहिल्यापासून होती, पण मे २०२३ मध्ये कंपनीने सीडचे तुकडे करून सांभाळायला देण्याची ऐच्छिक सेवा जाहीर केली आणि ग्राहक खवळले. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं तर सीड यंत्राबाहेर पाठवता येतं, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

मी तीन गोष्टी पाहतो. यंत्राला स्वतःचा, पत्ता पूर्ण वाचता येईल असा स्क्रीन हवा. तुमची नाणी त्यावर चालायला हवीत. आणि बॅकअप सर्वमान्य पद्धतीचा हवा, म्हणजे उद्या कंपनी बंद पडली तरी ते शब्द दुसऱ्या यंत्रात चालतील.

खरेदी थेट उत्पादकाकडून किंवा त्याने आपल्या संकेतस्थळावर नाव दिलेल्या विक्रेत्याकडून करा. वापरलेलं यंत्र फुकट मिळालं तरी नको. खोक्यात शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं, तर ते यंत्र चोराने पाठवलंय असं समजा. खरं यंत्र शब्द तुमच्यासमोर, स्वतःच्या स्क्रीनवर तयार करतं.

ऑर्डर देताना वेगळा ईमेल द्या, आणि जमलं तर पार्सल घराऐवजी संकलन केंद्रावर मागवा. अतिरेक वाटेल, पण २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २.७ लाख ग्राहकांची नावं, फोन आणि पत्ते फुटले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींना टपालाने बनावट यंत्रं आली, 'सुरक्षेसाठी हे नवीन वापरा' अशा पत्रासकट.

तिसरी पायरी: यंत्र सुरू करा आणि शब्द उतरवा

घाई नसलेली वेळ निवडा. फोन दुसऱ्या खोलीत, लॅपटॉपचा कॅमेरा झाकलेला. उत्पादकाचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. सर्च इंजिनमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींत हुबेहूब बनावट संकेतस्थळं सापडली आहेत. अ‍ॅप घ्या, यंत्राचं फर्मवेअर अद्ययावत करा, मगच नवीन वॉलेट तयार करा.

शब्द यंत्रालाच निवडू द्या. आवडत्या कवितेची ओळ किंवा स्वतः रचलेलं वाक्य चावी म्हणून वापरणाऱ्यांची वॉलेटं आपोआप चालणारे प्रोग्राम धुऊन नेतात. माणसाला खरोखर अंदाधुंद निवडता येत नाही. सॉफ्टवेअरलाही कधीकधी येत नाही: २०२३ मध्ये लिबबिटकॉइन या बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या एका साधनात असा दोष सापडला की ते फक्त ३२ बिटांची अनिश्चितता वापरत होतं. म्हणजे शक्यता जेमतेम चार अब्ज. संगणकाला हा किरकोळ हिशेब. ज्यांना यंत्रावरही भरवसा नाही त्यांच्यासाठी काही यंत्रांत फासे टाकून आकडे भरायची सोय असते.

शब्द पेनने, सुट्या मोठ्या अक्षरांत, क्रमांकासह लिहा. माझ्या पहिल्या कागदावर 'वॉक' आणि 'वॉल' यांतलं नक्की काय लिहिलंय हे मलाच कळेना. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोघांत शेवटचंच अक्षर वेगळं, आणि दोन्ही शब्द यादीत आहेत.

फोटो काढू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने अ‍ॅपल आणि गुगल या दोन्हींच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये अशी अ‍ॅप्स शोधली, जी फोनच्या गॅलरीतले फोटो वाचून त्यांतले सीडचे शब्द हुडकत होती. ईमेलचा मसुदा, क्लाउड, नोट्स, पासवर्ड मॅनेजर यांतही ते ठेवू नका. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्या चोरीला गेल्या. दुबळा मास्टर पासवर्ड असलेली तिजोरी चोर घरी बसून, वर्षानुवर्षं सवडीने फोडू शकतो, आणि नंतरच्या कित्येक क्रिप्टो-चोऱ्यांचा माग संशोधकांनी तिथपर्यंत नेला आहे. एक नियम: हे शब्द कळफलकावर कधीच उमटता कामा नयेत. ते फक्त यंत्रावर, यंत्राच्याच बटणांनी किंवा स्क्रीनवर भरायचे. 'पडताळणीसाठी सीड टाका' असं संकेतस्थळ, ईमेल किंवा मदतनीस म्हणाला, तर संभाषण तिथेच संपवा.

चौथी पायरी: रंगीत तालीम

हीच पायरी लोक गाळतात. खरं तर सगळ्या लेखातली एकच पायरी करायची झाली, तर ही करा.

वॉलेटचा पहिला पत्ता यंत्राच्या स्क्रीनवर पाहून कागदावर लिहा. त्यावर गेली तरी चालेल अशी छोटी रक्कम पाठवा. ती पोचली की यंत्र पूर्ण पुसून टाका. हो, आत पैसे असताना. आता कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट परत उभं करा. तोच पत्ता दिसला आणि रक्कम दिसली, तर तुमचा बॅकअप खरा. शेवटी त्यातलीच थोडी रक्कम बाहेर पाठवून पाहा. आत आलेलं बाहेर जातं हेही सिद्ध व्हायला हवं.

शब्द बरोबर आणि शिल्लक शून्य, असं झालं तर घाबरू नका. एकाच सीडमधून असंख्य चाव्या निघतात, आणि कुठल्या फांदीवरची घ्यायची हे 'डेरिव्हेशन पाथ' ठरवतो. बिटकॉइनचे पत्तेही चार वळणांचे: १ ने सुरू होणारे जुने, मग ३ चे, मग 'बीसी१क्यू' आणि 'बीसी१पी' ने सुरू होणारे. एक वॉलेट एका फांदीवर पाहतं, दुसरं दुसऱ्या. इलेक्ट्रमसारख्या जुन्या सॉफ्टवेअरचे शब्द तर मुळात बीआयपी-३९ चे नसतातच, त्याची पद्धत स्वतःची आहे. म्हणून शब्दांसोबत एक चिठ्ठी हवी: कुठलं यंत्र, कुठलं अ‍ॅप, कुठला पाथ, कधी तयार केलं. दहा वर्षांनी ही चिठ्ठी सोन्याच्या मोलाची ठरते.

तालीम झाल्यावर मोठी रक्कम पाठवा, तीही दोन-तीन हप्त्यांत. पत्ता प्रत्येक वेळी यंत्राच्या स्क्रीनशी शेवटपर्यंत ताडून पाहा. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलणारे व्हायरस आहेत. शिवाय चोर तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता बनवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत पेरतात. मे २०२४ मध्ये एकाने असा पत्ता यादीतून उचलला आणि सुमारे ६.८ कोटी डॉलरचे टोकन चोराला पाठवले. नशिबाने त्यातलं बहुतेक परत मिळालं. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली म्हणजे झालं, ही सवय इथेच मार खाते.

पाचवी पायरी: कागदाकडून धातूकडे

कागद भिजतो, जळतो, शाई फिकी पडते. तालीम पार पडल्यावर शब्द स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर अक्षरांच्या पंचने ठोका. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात. स्टील साधारण १,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, घराच्या आगीत सहसा तेवढं तापमान होत नाही. अ‍ॅल्युमिनियम मात्र ६६० अंशांनाच पाणी होतं, ते घेऊ नका.

दोन प्रती, दोन जागी. जागा इतक्या दूर असाव्यात की एकच पूर किंवा एकच घरफोडी दोन्ही नेणार नाही. प्रत जिथे ठेवाल तिथे कुणाकुणाचा हात पोचतो, याचाही विचार करा.

शब्द अर्धे इथे, अर्धे तिथे ठेवण्याची युक्ती प्रत्येकाला कधीतरी सुचते. मलाही सुचली होती. तिच्यात तोटाच आहे: एक तुकडा हरवला की सगळं गेलं, म्हणजे हरवण्याचा धोका दुप्पट. आणि १२ पैकी ६ शब्द चोराला मिळाले तर उरलेले शोधणं पूर्वीइतकं अशक्य राहत नाही. तुकडेच करायचे असतील तर गणिताने करा. अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका गुपिताचे, समजा, तीन भाग होतात. कुठलेही दोन पुरतात, पण एकट्या भागावरून काहीच कळत नाही. ट्रेझरच्या अनेक यंत्रांत ती सोय आहे. मात्र असे भाग सगळ्या वॉलेटांत चालत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच निवडा.

सहावी पायरी, लागलीच तर: पासफ्रेज किंवा मल्टिसिग

पासफ्रेज म्हणजे सीडला जोडायचा तुमचा स्वतःचा शब्दसमूह. धातूची पट्टी चोराला मिळाली तरी पासफ्रेजशिवाय खरं वॉलेट उघडत नाही. यातला पेच असा की चुकीचा पासफ्रेज अशी गोष्टच नसते. काहीही टाका, एक वॉलेट उघडतंच, फक्त रिकामं. एक जादा स्पेस, एक मोठं अक्षर, आणि तुम्ही रिकाम्या खोलीत. म्हणून तो लिहून ठेवा, पट्टीपासून वेगळ्या जागी, आणि त्याचीही रंगीत तालीम करा. अंदाधुंद निवडलेले पाच-सहा शब्द पुरतात. 'लक्षात राहील' यावर विसंबू नका, थॉमसलाही तसंच वाटलं असेल.

पासफ्रेजशिवायच्या वॉलेटमध्ये थोडी रक्कम ठेवली, तर धाकदपटशा झाल्यास तेवढं दाखवता येतं. जानेवारी २०२५ मध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाचं फ्रान्समध्ये खंडणीसाठी अपहरण झालं, तेव्हा ही भीती कल्पनेतली नाही. पण अशा प्रसंगावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आपल्याकडे काय आहे ते कुणाला न सांगणं.

मल्टिसिगमध्ये, समजा, तीन चाव्यांपैकी दोन सह्या लागतात. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं, वेगवेगळ्या जागा. एक चावी हरवली तरी चालतं, एक चोरीला गेली तरी चालतं. बिटकॉइनसाठी स्पॅरोसारखं सॉफ्टवेअर हे नीट करतं. पण एक खाच अनेकांना ठाऊक नसते: दोन सीड हातात असूनही वॉलेट उभं राहत नाही, जर तिसऱ्या चावीचा सार्वजनिक भाग (ज्यावरून पत्ते बनतात, पण सही होत नाही) तुमच्याकडे नसेल. म्हणून तिन्ही सार्वजनिक चाव्या असलेली वॉलेटची वर्णन-फाइल प्रत्येक सीडसोबत ठेवा. ती उघड झाली तर शिल्लक दिसते, पैसे जात नाहीत.

आणि मल्टिसिग म्हणजे अभेद्य, असंही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्सचेंजचे सुमारे १.५ अब्ज डॉलरचे इथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं नाणं) मल्टिसिग वॉलेटमधूनच चोरीला गेले. सही करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही भलत्याच गोष्टीवर झाली. इथेरियमवर हा धोका मोठा, कारण तिथे सही म्हणजे नुसती रक्कम पाठवणं नव्हे. 'माझे टोकन तू हवे तेव्हा उचल' अशी परवानगीही सहीनेच दिली जाते. म्हणून दीर्घकाळाचा पत्ता कुठल्याही संकेतस्थळाला जोडूच नका. खेळण्यासाठी दुसरं वॉलेट ठेवा. यंत्राच्या स्क्रीनवर जे वाचून कळत नाही, त्यावर सही नाही.

मागे राहणाऱ्यांसाठी एक पत्र

तुम्ही नसाल तेव्हा हे कोण उघडणार? पत्रात सीड लिहू नका. काय काय आहे, यंत्र कुठे, पट्टी कुठे, पासफ्रेज आहे का आणि तो कुणाकडे, कुठलं अ‍ॅप लागेल, आणि 'मदत करतो' म्हणून येणाऱ्याला शब्द देऊ नका, हे लिहा. पत्र मृत्युपत्रासोबत ठेवा. मग ज्याच्यासाठी लिहिलं त्याला वाचायला द्या आणि गप्प बसा. तो जिथे अडेल तिथे पत्र सुधारायचं.

वर्षातून एक दिवस

एक तारीख ठरवा. दोन्ही पट्ट्या जागेवर आहेत का पाहा, यंत्र चालू करा, पिन आठवतो का बघा, फर्मवेअर अद्ययावत करा. त्याआधी पट्टी हाताशी असू द्या, अद्ययावत करताना कधीकधी यंत्र पुसलं जातं. शिल्लक पाहायला यंत्र काढायची गरज नाही. सार्वजनिक चावी टाकून फक्त पाहण्यापुरतं वॉलेट फोनवर ठेवता येतं.

शब्द कुणी पाहिले अशी शंका जरी आली, तर पिन बदलून काही होत नाही. नवीन सीड तयार करा, त्याची तालीम करा, आणि सगळी नाणी नव्या पत्त्यावर हलवा. जुनी पट्टी मात्र लगेच नष्ट करू नका. जुना पत्ता कुणाच्या तरी यादीत राहिलेला असतो आणि सहा महिन्यांनी तिथे अचानक काही जमा होतं. ती पट्टी 'जुनी, रिकामी' अशी खूण करून वर्षभर ठेवा, मध्येमध्ये तो पत्ता पाहत राहा.